आयथ्रीची कॉन्फिग फाइल बदलूनही बदल लागू होत नाहीत : तपासणी, रीलोड आणि रीस्टार्ट

आयथ्री हा टायलिंग विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या एकमेकींवर न ठेवता शेजारी शेजारी मांडणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. कॉन्फिग फाइलमध्ये नवा शॉर्टकट लिहिला, फाइल सेव्ह केली, मॉड-शिफ्ट-सी (मॉड म्हणजे शॉर्टकटांसाठी फाइलीत ठरवलेली मुख्य कळ) दाबून रीलोड केले आणि तरीही काहीच झाले नाही. कधी एक ओळ बदलल्यावर भलताच शॉर्टकट बंद पडतो, तर कधी दिवसभर सगळे सुरळीत चालते आणि दुसऱ्या दिवशी लॉगइन करताच स्क्रीनच्या वरच्या कडेला लाल पट्टी दिसू लागते. ही लक्षणे वेगवेगळी दिसली तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो. एडिटरमध्ये आपल्यासमोर उघडी असलेली फाइल आणि आयथ्रीने प्रत्यक्षात वाचून मेमरीत ठेवलेला मजकूर हे एकच आहेत, असे आपण धरून चालतो. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चालू असलेल्या आयथ्रीलाच विचारावे की, त्याने कोणती फाइल वाचली आहे आणि तिच्यातला कोणता मजकूर त्याच्याकडे आहे. हे दोन प्रश्न आधी विचारले तर पुढचे निम्मे काम वाचते.

खालील माहिती एक्स विंडो सिस्टिमवर चालणाऱ्या आयथ्रीच्या चौथ्या मालिकेसाठी आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत. ‘सी’ या पर्यायाची मोठी आणि छोटी अशी दोन रूपे असून दोन्हींचे काम वेगळे आहे, त्यामुळे जेथे ते येते तेथे मोठा की छोटा हे स्पष्ट लिहिले आहे.

कोणती फाइल वाचली गेली आहे?

टर्मिनलमध्ये ‘आयथ्री --मोअरव्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. ती चालू असलेल्या आयथ्रीशी संपर्क साधते, त्याची आवृत्ती सांगते आणि त्याने वाचलेल्या कॉन्फिग फाइलचा पूर्ण मार्ग दाखवते. शिवाय ती फाइल शेवटची कधी बदलली गेली, म्हणजे किती सेकंदांपूर्वी, हेही तेथेच लिहिलेले असते. या सेकंदांच्या आकड्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण निदानासाठी तो फार मोलाचा आहे. आपण आत्ताच फाइल सेव्ह केली असेल आणि येथे आकडा लाखांत दिसत असेल, तर आपण बदललेली फाइल आणि आयथ्रीने वाचलेली फाइल या दोन वेगळ्या आहेत, हे तेथेच सिद्ध होते.

असे का होते, हे समजण्यासाठी आयथ्री फाइल कोणत्या क्रमाने शोधतो ते माहीत असावे. तो आधी होम डिरेक्टरीतल्या ‘डॉट-कॉन्फिग’ फोल्डरमधील ‘आयथ्री’ या फोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाची फाइल शोधतो. एक्सडीजी-कॉन्फिग-होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेले असेल, तर शोध त्या जागेपासून सुरू होतो. तेथे फाइल नसेल तर होममधील ‘डॉट-आयथ्री’ हे जुने फोल्डर पाहिले जाते आणि त्यानंतर ‘ईटीसी’खालील सर्वांसाठीच्या फाइलींचा क्रम लागतो. या यादीतली जी फाइल आधी सापडेल तीच वाचली जाते, आणि बाकीच्या फाइलींतला मजकूर तिच्यात मिसळला जात नाही. त्यामुळे ज्यांच्या संगणकावर मूळ फाइल ‘डॉट-आयथ्री’मध्ये होती आणि ज्यांनी एखादे मार्गदर्शन वाचून ‘डॉट-कॉन्फिग’मध्ये नवी, चार ओळींची फाइल तयार केली, त्यांचे जुने सगळे शॉर्टकट पुढच्या लॉगइनला एकदम नाहीसे होतात. मजकूर गेलेला नसतो. तो आता वाचला जात नाही, इतकेच.

दोन कारणे आणखी तपासावीत. लॉगइनच्या वेळी आयथ्री छोट्या ‘-सी’ पर्यायाने एखादी ठरावीक फाइल देऊन सुरू केला जात असेल, तर वरचा सगळा क्रम गैरलागू ठरतो. आणि ज्यांनी आपल्या कॉन्फिग फाइली गिटमध्ये ठेवून होममध्ये फक्त सिमलिंक (दुसऱ्या जागच्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) केल्या आहेत, त्यांनी ‘एलएस -एल’ देऊन ती सिमलिंक अजून सिमलिंकच आहे का, हे पाहावे. काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतात आणि मग सिमलिंकच्या जागी साधी फाइल उरते. त्यानंतर गिटमधली प्रत कितीही बदलली तरी आयथ्रीला त्याचा पत्ता लागत नाही.

मार्ग बरोबर असेल तर पुढचा प्रश्न मजकुराचा. ‘आयथ्री-एमएसजी -टी गेट-कॉन्फिग’ (‘गेट’ आणि ‘कॉन्फिग’ यांच्यामध्ये अंडरस्कोर) ही आज्ञा आयथ्रीने शेवटच्या वेळी वाचलेला मजकूर जसाच्या तसा छापते. हा मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत घेऊन ‘डिफ’ने डिस्कवरील फाइलीशी ताडून पाहावा. फरक दिसला तर रीलोड झालेलेच नाही, हे नक्की. मॉड-शिफ्ट-सी हा शॉर्टकटच बिघडलेला असणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. अशा वेळी टर्मिनलमधून थेट ‘आयथ्री-एमएसजी रीलोड’ द्यावे. फरक दिसला नाही, तर फाइल पोहोचली आहे आणि दोष मजकुरात किंवा आपल्या अपेक्षेत आहे.

रीलोडपूर्वीची तपासणी

मोठा ‘-सी’ पर्याय देऊन ‘आयथ्री’ चालवले, तर तो फाइल वाचतो, व्याकरण तपासतो आणि काहीही न बदलता बाहेर पडतो. चालू सत्रावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून ही तपासणी हवी तितक्या वेळा करता येते. ठरावीक फाइल तपासायची असेल तर मोठ्या ‘-सी’बरोबर छोटा ‘-सी’ आणि त्यापुढे फाइलचा मार्ग द्यावा. आयथ्री वेगळ्या मार्गाने सुरू होत असेल तर हे विसरून चालणार नाही, नाहीतर तपासणी एका फाइलची आणि रीलोड दुसऱ्याच फाइलचे, असे होते.

ही तपासणी रीलोडच्या आधीच का करावी, याला ठोस कारण आहे. रीलोडची आज्ञा मिळाल्यावर आयथ्री आधीची सगळी मांडणी टाकून देतो आणि फाइल पहिल्या ओळीपासून नव्याने वाचतो. जी ओळ त्याला समजत नाही ती तो सोडून देतो व पुढे जातो; चूक सापडली म्हणून जुन्या चालू मांडणीकडे परत फिरत नाही. चुकलेली ओळ एखाद्या शॉर्टकटची असेल तर तेवढा एक शॉर्टकट जातो. पण चूक ‘सेट डॉलर-मॉड मॉड-फोर’ या ओळीत असेल, तर डॉलर-मॉडवर उभे असलेले सगळेच शॉर्टकट एका फटक्यात बंद पडतात, आणि त्यांत टर्मिनल उघडण्याचा व पुन्हा रीलोड करण्याचा शॉर्टकटही असतो. लाल पट्टीवर चुका दाखवण्याचे आणि फाइल संपादित करण्याचे अशी दोन बटणे असतात. ती माउसने दाबता येतात, त्यामुळे या अवस्थेतूनही बाहेर पडता येते. तरीही ही वेळ येऊच न देणे बरे.

तपासणीत चूक निघाली की आयथ्री त्या जागी कोणकोणते शब्द चालले असते त्यांची यादी देतो, मग ओळ क्रमांकासह आजूबाजूच्या ओळी छापतो आणि नेमक्या चुकीच्या भागाखाली टोपीसारख्या चिन्हांची रांग ओढतो. शब्दांची यादी लांबलचक असते आणि पाहताक्षणी घाबरवते. ती सरळ सोडून खालच्या टोप्यांच्या रांगेकडे पाहावे. अनेक चुका दिसत असतील तर पहिली दुरुस्त करून पुन्हा तपासावे, कारण पुढच्या चुका पुष्कळदा पहिलीच्याच परिणाम असतात.

एक प्रकार मात्र या नियमाला फसवतो, आणि तो म्हणजे महिरपी कंस बंद करायचा राहून जाणे. समजा ‘मोड रीसाइझ’ या गटाचा शेवटचा कंस चुकून पुसला गेला. आता त्याखाली लिहिलेले सर्व ‘बाइंडसिम’ (शॉर्टकट बांधणाऱ्या ओळी) आयथ्रीच्या दृष्टीने त्या मोडच्याच आत गेले, आणि मोडच्या आत ‘बाइंडसिम’ लिहिणे वैध असल्यामुळे त्या ओळींवर कोणतीही तक्रार येत नाही. तक्रार येते ती पुढे कोठेतरी, मोडच्या आत न चालणारी पहिली ओळ लागल्यावर. ती ‘बार’ गटाची सुरुवात असू शकते किंवा ‘फॉर-विंडो’ची ओळ असू शकते, आणि मूळ चुकीपासून ती शंभर ओळी दूरही असू शकते. टोप्यांखालची ओळ निर्दोष दिसत असेल आणि मधल्या भागातले शॉर्टकट फक्त रीसाइझ मोडमध्येच चालत असतील, तर दोष तेथून वर, सर्वांत जवळच्या उघड्या कंसात शोधावा.

एकाच कळसमूहाला दोन ठिकाणी दोन कामे दिली असतील, तर तीही चूक म्हणून नोंदली जाते. वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकडे उचलून फाइल तयार केली असेल तर हे हमखास घडते. ४.२० या आवृत्तीपासून ‘इन्क्लूड’ने इतर फाइली जोडता येतात, तेव्हा दुसरी नोंद अशा जोडलेल्या फाइलीतही लपलेली असू शकते.

तपासणी आणि रीलोड यांना एकत्र बांधणे सोपे आहे. फाइल निर्दोष असेल तर मोठा ‘-सी’ शून्य हा एक्झिट कोड देतो आणि चूक असेल तर शून्येतर, त्यामुळे दोन आज्ञांमध्ये दुहेरी अँपरसँड टाकून ‘आधी तपास, निर्दोष असेल तरच रीलोड कर’ असे सांगता येते. ही जोडी मॉड-शिफ्ट-सी या शॉर्टकटवर ‘एक्झेक’ने (बाहेरचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या आज्ञेने), दुहेरी अवतरणांत बसवावी. पण मग चूक असताना काहीच घडत नाही आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून शेवटी दुहेरी उभी रेघ देऊन ‘आयथ्री-नॅगबार -एम’ने एक सूचना दाखवण्याची सोय करावी. आतल्या सूचनेत मोकळ्या जागा असतील तर तिला एकेरी अवतरणांत ठेवावे.

तपासणीला न दिसणाऱ्या चुका

तपासणी निर्दोष आली म्हणजे सगळे बरोबर आहे, असे मुळीच नाही. ‘बाइंडसिम’च्या ओळीत कळसमूहानंतर जी आज्ञा येते, ती फाइल वाचताना आयथ्रीच्या लेखी निव्वळ मजकूर असतो, ती आज्ञा म्हणून तपासली जाते ती कळ दाबल्यावर. त्यामुळे ‘फोकस लेफ्ट’च्या जागी ‘लेफ्ट’मध्ये एक एफ जास्त पडला तरी तपासणी गप्प राहते, आणि कळ दाबल्यावर त्या शॉर्टकटची आज्ञा चालवता आली नाही, असे सांगणारी पट्टी येते. अशी आज्ञा फाइलीत घालण्यापूर्वी ‘आयथ्री-एमएसजी’पुढे अवतरणांत लिहून टर्मिनलमध्ये चालवून पाहावी, चूक असल्यास तेथेच टोप्यांच्या रांगेसह उत्तर मिळते. ‘एक्झेक’पुढील प्रोग्रॅम संगणकावर आहे की नाही, हेही तपासणी पाहत नाही. तो आधी टर्मिनलमधून चालवून खात्री करून घ्यावी. ‘एक्झेक’च्या आज्ञेत स्वल्पविराम किंवा अर्धविराम असेल तर संपूर्ण आज्ञा दुहेरी अवतरणांत ठेवावी, कारण आयथ्रीसाठी ही दोन्ही चिन्हे दोन आज्ञांना वेगळे करणारी आहेत.

ओळीच्या शेवटी टीप लिहिण्याची सवय हेही एक कारण आहे. आयथ्रीच्या फाइलीत हॅशने सुरू होणारी टीप फक्त ओळीच्या आरंभी चालते. ‘वर्कस्पेस-लेआउट टॅब्ड’पुढे हॅश टाकून काही लिहिले तर निदान चूक तरी दाखवली जाते. पण ‘सेट’च्या ओळीत तसे केले, तर हॅशसकट ती टीप त्या व्हेरिएबलच्या किमतीचा भाग होते आणि ते व्हेरिएबल जेथे जेथे वापरले असेल तेथे मुकाट्याने पोहोचते. रंग किंवा वर्कस्पेसची नावे विचित्र दिसू लागली, तर ‘सेट’च्या ओळींची शेपटे आधी पाहावीत.

वेबपानावरून उतरवलेल्या ओळींत साध्या रिक्त जागेच्या ठिकाणी न तुटणारी रिक्त जागा येते, तर कधी सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणे येतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. आयथ्री मात्र शब्द वेगळे करण्यासाठी साधी रिक्त जागा आणि टॅब एवढेच ओळखतो, त्यामुळे कळेचे नाव आणि पुढचा शब्द त्याच्यासाठी एकच शब्द होऊन बसतो. संशयित ओळीवर ‘कॅट’ ही आज्ञा मोठ्या ‘-ए’ पर्यायासह चालवली, की न तुटणाऱ्या जागेच्या ठिकाणी ‘एम’ने सुरू होणारी अक्षरे उमटतात. ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करणे हाच यावर सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

देवनागरी नावे आणि मराठी कीबोर्ड

वर्कस्पेसना मराठी नावे देता येतात, आणि माझ्या मते ती अवश्य द्यावीत. फाइल यूटीएफ-८ मध्ये असावी आणि ‘फॉन्ट’च्या ओळीत ‘पँगो’ या शब्दाने सुरू होणारे फॉन्टचे नाव असावे, एवढी तयारी पुरते. जुन्या पद्धतीच्या एक्स फॉन्टने देवनागरीतली जोडाक्षरे नीट जुळत नाहीत.

मात्र दोन अडचणी खास आपल्या लिपीच्या आहेत आणि त्या इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाहीत. पहिली आकड्यांची. ‘वर्कस्पेस नंबर’ ही आज्ञा नावाच्या सुरुवातीचा आकडा पाहून वर्कस्पेस शोधते, पण तो आकडा इंग्रजी अंकांत असावा लागतो. नाव देवनागरी १ ने सुरू केले तर आयथ्रीच्या दृष्टीने त्या वर्कस्पेसला क्रमांकच नसतो. ‘आयथ्री-एमएसजी -टी गेट-वर्कस्पेसेस’ची छपाई पाहिली तर तेथे ‘नम’पुढे उणे एक दिसतो. म्हणून नावाच्या आरंभी इंग्रजी अंक, मग विसर्गासारखे कोलनचे चिन्ह आणि त्यापुढे मराठी नाव लिहावे, आणि पट्टीवर इंग्रजी अंक नको असेल तर ‘बार’ गटात ‘स्ट्रिप-वर्कस्पेस-नंबर्स येस’ ही ओळ घालावी. इंग्रजी अंक नजरेआड होतो आणि कोलननंतर लिहिलेले नाव, त्यात देवनागरी अंक असला तरी, जसेच्या तसे दिसते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. ‘कादंबऱ्या’ या नावाचे वर्कस्पेस घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त येतो, दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर येतो. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. वर्कस्पेसवर जाण्याची ओळ एका कीबोर्डने आणि खिडकी तेथे हलवण्याची ओळ दुसऱ्या कीबोर्डने किंवा फोनवरून लिहिली असेल, तर पट्टीवर ‘कादंबऱ्या’ नावाची दोन वर्कस्पेस उभी राहतात आणि खिडकी नेमकी नको त्या वर्कस्पेसवर जाते. तपासणीला यात काहीच गैर दिसत नाही, कारण गैर काही नाहीच. ही दोन वेगळी नावे आहेत. ‘एक्सएक्सडी’ने ती ओळ बाइटरूपात पाहिली, की एकीत ‘ई२ ८० ८डी’ हे जॉइनरचे तीन बाइट दिसतात आणि दुसरीत दिसत नाहीत. यावर कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक वर्कस्पेसचे नाव ‘सेट’ने एकदाच एका व्हेरिएबलमध्ये लिहावे आणि बाकी सर्व ठिकाणी ते व्हेरिएबलच वापरावे. मूळ फाइलीत ही पद्धत आधीपासून असते. मराठी नावे देताना ती मोडू नये.

कीबोर्डच्या बाबतीत एवढे लक्षात घ्यावे की ‘बाइंडसिम’ कळेवरच्या चिन्हाच्या नावाने शॉर्टकट बांधतो. ‘सेटएक्सकेबीमॅप’ने संपूर्ण मांडणीच देवनागरी केली तर इंग्रजी सी हे चिन्ह कोणत्याच कळेवर उरत नाही आणि त्यावर बांधलेला रीलोडचा शॉर्टकट निकामी होतो. ज्यांना मांडणी वरचेवर बदलावी लागते त्यांनी महत्त्वाचे शॉर्टकट ‘बाइंडकोड’ने, म्हणजे कळेच्या क्रमांकाने, बांधावेत, कळेवरचे चिन्ह बदलले तरी तिचा क्रमांक बदलत नाही. हा क्रमांक ‘एक्सईव्ही’ चालवून ती कळ दाबल्यावर कळतो. सर्वसाधारण पीसी कीबोर्डवर इंग्रजी सीची कळ ५४ आणि रिटर्नची ३६ असते.

रीलोडने काय बदलते आणि काय बदलत नाही

फाइल बरोबर, मजकूर बरोबर, तपासणी निर्दोष आणि तरीही बदल दिसत नाही, असे झाले तर बहुधा तो बदल रीलोडने दिसण्यासारखा नसतो. ‘असाइन’, ‘डीफॉल्ट-बॉर्डर’ आणि ‘वर्कस्पेस-लेआउट’ यांचा परिणाम पुढे उघडणाऱ्या खिडक्यांवर होतो. आधीच उघड्या असलेल्या खिडक्या आहेत तशाच राहतात. म्हणून असा बदल तपासताना संबंधित प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. नव्या खिडकीवरही नियम लागत नसेल तर ‘एक्सप्रॉप’ चालवून त्या खिडकीवर क्लिक करावे. ‘डब्ल्यूएम-क्लास’पुढे दोन नावे येतात, त्यांतले पहिले ‘इन्स्टन्स’ आणि दुसरे ‘क्लास’. नियमात ‘क्लास’ लिहून पहिले नाव दिले जाणे ही फार आढळणारी चूक आहे.

खालच्या पट्टीवरची बॅटरी, घड्याळ वगैरे माहिती आयथ्री-स्टेटस हा स्वतंत्र प्रोग्रॅम देतो आणि त्याची कॉन्फिग फाइलही स्वतंत्र आहे. ती बदलून आयथ्री रीलोड केल्याने काही होत नाही. त्यासाठी रीस्टार्ट करावा लागतो. आयथ्री-स्टेटसला यूएसआर-वन हा सिग्नल पाठवण्याचा सल्ला कोठे कोठे दिला जातो, पण त्याने केवळ पट्टीवरचे आकडे ताजे होतात, त्याची कॉन्फिग पुन्हा वाचली जात नाही.

मॉड-शिफ्ट-आरने होणारा रीस्टार्ट पुष्कळांना लॉगआउटसारखा वाटतो आणि म्हणून ते तो टाळतात. प्रत्यक्षात आयथ्री खिडक्यांची मांडणी जपून स्वतःला जागच्या जागी पुन्हा सुरू करतो. उघडे प्रोग्रॅम चालूच राहतात. आयथ्रीची नवी आवृत्ती बसवल्यावरही हाच मार्ग वापरायचा असतो.

रीस्टार्टचा एक परिणाम मात्र सांभाळावा लागतो. ‘एक्झेक’ने लिहिलेल्या आज्ञा आयथ्री पहिल्यांदा सुरू होतो तेव्हाच चालतात, तर ‘एक्झेक-ऑलवेज’च्या आज्ञा दर रीस्टार्टला पुन्हा चालतात. नेटवर्कचे चिन्ह दाखवणारा अ‍ॅपलेट किंवा पिकॉम (खिडक्यांच्या सावल्या व पारदर्शकता सांभाळणारा प्रोग्रॅम) यांसारखे सतत चालणारे प्रोग्रॅम रीस्टार्टमध्ये बंद होत नाहीत. त्यांना ‘एक्झेक-ऑलवेज’ लावले तर प्रत्येक रीस्टार्टला आणखी एक प्रत सुरू करण्याचा प्रयत्न होतो आणि ट्रेमध्ये एकाच चिन्हाची रांग लागू शकते. अशा प्रोग्रॅमसाठी साधा ‘एक्झेक’ वापरावा. चटकन चालून संपणाऱ्या आज्ञांसाठी, उदाहरणार्थ वॉलपेपर लावणे किंवा कीबोर्डची मांडणी ठरवणे, ‘एक्झेक-ऑलवेज’ योग्य आहे. पॉलीबारसारखी पट्टी पुन्हा सुरू करायचीच असेल तर आधीची प्रत बंद करून नवी सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. आणि प्रोग्रॅम सुरू झाल्यावर माउसचा बाण मिनिटभर घड्याळासारखा दिसत असेल, तर त्या ओळीत ‘एक्झेक’नंतर ‘--नो-स्टार्टअप-आयडी’ घालावे.

वेलँडवरील (वेलँड म्हणजे एक्सची जागा घेणारी नवी पद्धत) स्वे हा विंडो मॅनेजर आयथ्रीचीच कॉन्फिग पद्धत वापरतो, तरी येथे तीन फरक आहेत. स्वेमध्ये रीस्टार्ट नाही, त्यामुळे तेथे ‘एक्झेक-ऑलवेज’ दर रीलोडला चालते. स्वे रीलोडपूर्वी फाइल स्वतःच तपासतो आणि चूक असेल तर रीलोड नाकारतो. आणि मांडणी बदलल्यावर शॉर्टकट टिकावेत यासाठी ‘बाइंडसिम’ला ‘--टू-कोड’ हा पर्याय आहे.

मोठे बदल आणि अडकून पडल्यास

संपूर्ण फाइल नव्याने लिहायची असेल तर ती चालू सत्रावर न आजमावता झेफरमध्ये आजमावावी. झेफर हा एका खिडकीत चालणारा वेगळा एक्स सर्व्हर आहे. तो ‘कोलन-एक’ या डिस्प्लेवर सुरू करावा आणि डिस्प्ले व्हेरिएबलला तीच किंमत देऊन, छोट्या ‘-सी’ने नवी फाइल दाखवत, त्यात दुसरा आयथ्री चालवावा. बाहेरचा आयथ्री मॉडचे शॉर्टकट स्वतःकडेच घेतो. म्हणून झेफरच्या खिडकीत असताना कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबून कीबोर्ड त्या खिडकीपुरता बांधून घ्यावा, आणि त्याच कळांनी पुन्हा सोडवावा.

सत्रातच अडकून पडलो, एकही शॉर्टकट चालत नाही आणि माउसनेही वाट सापडत नाही, अशी वेळ आली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ने टेक्स्ट कन्सोलवर जावे आणि लॉगइन करून फाइल दुरुस्त करावी. दुरुस्ती झाल्यावर तेथूनच, डिस्प्लेची किंमत आपल्या सत्राचीच आहे (बहुधा ‘कोलन-शून्य’) याची खात्री करून, ‘आयथ्री-एमएसजी रीलोड’ द्यावे आणि आपल्या सत्राच्या कन्सोलवर परत यावे. उघडी कामे जशीच्या तशी सापडतात.

इतके करूनही कारण कळले नाही तर लॉग पाहावा. ‘आयथ्री-एमएसजी’पुढे अवतरणांत ‘डीबगलॉग ऑन’, ‘शमलॉग ऑन’ आणि ‘रीलोड’ या तीन आज्ञा अर्धविरामांनी जोडून द्याव्यात, जो शॉर्टकट चालत नाही तो एकदा दाबावा, आणि मग ‘आयथ्री-डम्प-लॉग’ची छपाई फाइलीत घ्यावी. कळ आयथ्रीपर्यंत पोहोचली का, पोहोचली तर कोणती आज्ञा चालली आणि ती कोठे अडली, हे त्यात ओळीओळीने सापडते. कोणाची मदत मागायची असेल तर हा लॉग, ‘--मोअरव्हर्जन’चे उत्तर आणि पूर्ण कॉन्फिग फाइल सोबत द्यावी, फक्त संशयित ओळ दिल्याने उत्तर देणाऱ्याला महिरपी कंस, दुहेरी नोंद आणि ‘सेट’ची शेपटे यांपैकी काहीच दिसत नाही.